रेल्वे नसलेल्या कोकणात पाहिलेली ‘यात्रा’

सड्यावरून :

दूरदर्शनच्या जुन्या मालिकांचा विषय निघाला की ठरावीक नावे पुढे येतात. ‘हम लोग’, ‘बुनियाद’, ‘नुक्कड’ आणि त्यानंतर सगळ्यांना पुरून उरलेले ‘रामायण’. १९८६ साली दाखवली गेलेली ‘यात्रा’ ही मालिका मात्र या गप्पांत सहसा येत नाही. रत्नागिरी तालुक्यातील ज्या गावात मी वाढलो तिथे ती एकदाच पाहायला मिळाली. एखादा भाग चुकला की तो चुकलाच, कारण ती पुन्हा लागल्याचे मी तरी पाहिले नाही. आज माझ्या वयाच्या माणसांना नाव सांगितले तरी बहुतेकांच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही.

ज्यांना मुळीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. श्याम बेनेगल यांनी दिग्दर्शित केलेली आणि भारतीय रेल्वेने प्रायोजित केलेली ही मालिका जवळजवळ सगळीच आगगाडीत घडत असे. कन्याकुमारीहून जम्मू तवीला जाणारी हिमसागर एक्स्प्रेस ही तेव्हा देशातील सर्वांत लांब पल्ल्याची गाडी होती. त्या गाडीतून आपल्या पलटणीकडे परत निघालेला एक जवान, म्हणजे ओम पुरी, सोबतच्या प्रवाशांच्या गोष्टी आपल्याला सांगत जाई. प्रवासी चढत, उतरत, त्यांच्या घरातली सुखदुःखे डब्यात थोडा वेळ उघडी पडत आणि पुढच्या स्थानकावर गाडीबाहेर निघून जात. चित्रण प्रत्यक्ष गाडीत केलेले असल्यामुळे खिडकीबाहेरचा मुलूख खराखुरा पळताना दिसे.

आता ही मालिका मला इतकी का आठवते, ते सांगतो. आमच्या जिल्ह्यात तेव्हा रेल्वेचा एक फूटही रूळ नव्हता. आम्हाला जवळचे स्थानक म्हणजे कोल्हापूर, आणि तिथे पोहोचायचे तर एसटीने आंबा घाट चढून जावे लागे. आमच्या घरातील पुरुषांनी नोकरीधंद्यानिमित्त मुंबईला गाडी पाहिली होती, आईने लग्नानंतर एकदा दादरच्या पुलावरून पाहिली होती आणि आजीने मुळीच पाहिलेली नव्हती. अशा घरात दर आठवड्याला ठरल्या वेळी एक आगगाडी पडवीत येऊन उभी राही. देशाच्या इतर भागांत लोकांनी ही मालिका माणसांच्या गोष्टी म्हणून पाहिली असेल. आमच्याकडे लोक आधी गाडी पाहत आणि मग माणसे. डब्यातल्या दिव्यांची कळ कुठे असते, पाणी कुठून येते, दोन डब्यांमधून चालताना लोक पडत कसे नाहीत, अशा शंका विचारून आजीने ओम पुरींचे कित्येक संवाद आम्हाला ऐकू दिले नाहीत.

किनारपट्टीवरच्या आणखी कोणी ही मालिका पाहिली असेल तर जरूर लिहावे. तुमच्याकडे चित्र कुठून आणि कसे येत होते, तेही वाचायला आवडेल.

जुना बूस्टर :

चित्र कसे येत होते याविषयी मी लिहितो, कारण त्या काळात चिपळूण परिसरात टीव्ही दुरुस्तीचे आणि अँटेना उभारण्याचे काम मी केले आहे.

ऑगस्ट १९८३मध्ये इन्सॅट-१बी हा उपग्रह अवकाशात गेला आणि त्याच्या भरवशावर १९८४मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचा धडाका सुरू झाला. त्या वर्षातील काही महिने तर सरासरी रोज एक प्रक्षेपक सुरू होत होता. हे प्रक्षेपक साधारण १०० वॉट शक्तीचे असत आणि सपाट मुलखात त्यांचे चित्र पंधरा-वीस किलोमीटरपर्यंत नीट पोहोचे. कोकणात सपाट मुलूख कुठे आहे? सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवरच्या, घराला स्वच्छ चित्र, तर त्याच सड्याच्या पायथ्याशी खाडीकाठी असलेल्या वाडीत पडद्यावर नुसत्या मुंग्या, म्हणजे वळवळणारे ठिपके, असा प्रकार होता. धागाकर्त्यांनी घेतलेले नाव पाहता त्यांचे घर उंचावर असावे, म्हणून त्यांना आजीच्या शंका तरी ऐकू आल्या. खालच्या वाड्यांमध्ये आवाज आला तर चित्र नाही आणि चित्र आले तर आवाज नाही, या अवस्थेत लोक मालिका पाहत.

दुसरी गोष्ट अशी की या प्रक्षेपकांवरून मुख्यतः दिल्लीहून येणारा राष्ट्रीय कार्यक्रमच दिसे. मुंबई केंद्राचे मराठी कार्यक्रम पाहण्यासाठी वरळीच्या ३०० मीटर उंच मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी थेट पकडाव्या लागत. उत्तर रायगडापर्यंत ते जमत असे, त्याच्या दक्षिणेला मात्र तो नशिबाचा भाग होता. उन्हाळ्यात समुद्रावरची हवा विशिष्ट प्रकारे तापली की मुंबई अचानक लख्ख दिसू लागे आणि दोन दिवसांनी नाहीशी होई. त्यामुळे मराठी घरांत मराठी नाटके दिसत नव्हती आणि हिंदी मालिका मात्र नेमाने दिसत होत्या. ‘यात्रा’ आमच्या भागात एवढ्या लोकांनी पाहिली, त्यामागे आवडीपेक्षा हे कारण मोठे आहे. समोर दुसरे काही नव्हतेच.

अँटेनाविषयी एक गोष्ट आवर्जून नोंदवतो. खाऱ्या हवेत अॅल्युमिनियमच्या नळ्यांच्या जोडावर पांढरी बुरशीसारखी पूड धरते आणि चपट्या वायरची टोके हिरवी पडतात. गिऱ्हाईक बूस्टर, म्हणजे अँटेनाच्या लहरी वाढवणारी पेटी, घ्यायला तयार असे, पण वर्षातून एकदा ती टोके कानशीने घासून घ्यायला तयार नसे. मी कित्येक घरांत नवा बूस्टर पिशवीतून बाहेरही न काढता, नुसती टोके घासून चित्र आणून दिले आहे.

आंबोलीची लेक :

हा धागा वाचून राहवले नाही म्हणून लिहिते आहे. आमचे गाव आंबोली घाटाच्या परिसरातले आणि माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. आमच्या भागात घरटी एक माणूस सैन्यात असणे ही मुळीच नवलाची गोष्ट नव्हती. त्यामुळे ‘यात्रा’ आमच्याकडे गाडीसाठी नव्हे, तर त्या जवानासाठी पाहिली गेली.

सैनिक रजेवरून परत निघतो तेव्हा घरात काय वातावरण असते, ते ज्यांनी अनुभवले आहे त्यांनाच ठाऊक. काळी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेला क्रमांक, हुद्दा आणि नाव, होल्डॉलच्या पट्ट्यांत आईने कोंबलेली कोकमाची आणि काजूची पुरचुंडी, आणि खिशात जपून ठेवलेले रेल्वेचे वॉरंट, म्हणजे फौजेने दिलेला प्रवासाचा कागद. वडील एसटीने बेळगावला जात, तिथून तेव्हाच्या मीटरगेजच्या गाडीने मिरजेला, मिरजेला गाडी बदलून पुण्याला, आणि पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने जम्मूला. एसटी वळणाआड गेली की आमच्यासाठी त्यांचा प्रवास संपत असे. पुढचे तीन-चार दिवस ते कुठे बसतात, काय खातात, कोणाशी बोलतात, याची आम्हाला काहीही कल्पना नसे. पोहोचल्याचे पत्र येईपर्यंत आई त्याविषयी एक शब्द काढत नसे.

मालिका सुरू झाली आणि तो मधला कोरा भाग आम्हाला एकदम दिसू लागला. ओम पुरी डब्यात बसलेले दिसले की आईला वडील दिसत असणार, असे मला आज वाटते. तिला हिंदी फारसे कळत नसे आणि शेजारच्या काकू मध्येच विचारत, ‘काय म्हणता गो तो?’ पण आई उत्तर देत नसे. ती माणसे काय बोलतात यापेक्षा तो जवान जेवला की नाही, याकडे तिचे लक्ष असे.

आमच्याकडे अँटेना पणजीच्या दिशेला फिरवलेली असे. भाऊ छपरावर आणि मी खळ्यात. ‘दिसता काय गो?’ ‘नाय, अजून मुंग्या येतत!’ हा संवाद संपेपर्यंत सुरुवातीची श्रेयनामावली निघून गेलेली असे, त्यामुळे मालिका कोणी काढली, कोणी लिहिली, हे मला फार उशिरा कळले.

तिरकस :

सगळ्यांच्या आठवणींचा आदर राखून थोडा वेगळा सूर लावतो. मालिकेचे प्रायोजक रेल्वे, मालिकेचा विषय रेल्वे आणि मालिका दाखवणारे दूरदर्शनही सरकारी. याला सरळ भाषेत जाहिरात म्हणतात. त्या वर्षांत राष्ट्रीय एकात्मतेवर भर देणारे कार्यक्रम दूरदर्शनवर भरपूर असत. एकाच डब्यात मल्याळी, तेलुगू, पंजाबी, बंगाली बसवले की एकात्मता झाली, असा तो सोयीचा हिशेब होता. आणि या एकात्मतेच्या गाडीने महाराष्ट्रातून जाताना कोणती वाट धरली? बल्लारशा, नागपूर. कोकणाकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही, कारण पाहायला रूळच नव्हते. ज्या खात्याने आम्हाला स्वातंत्र्यानंतर चार दशके गाडी दिली नाही, त्या खात्याच्या पैशाने काढलेली गाडीची गोष्ट आम्ही पडवीत बसून कौतुकाने पाहिली, यात मला तरी थोडी चेष्टाच दिसते.

सड्यावरून :

तिरकस, आपला मुद्दा मला अर्धाच पटतो. पैसा रेल्वेचा होता हे खरे, पण म्हणून ती नुसती जाहिरात ठरत नाही. बेनेगल यांनी ‘मंथन’ हा चित्रपट गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादकांनी दिलेल्या दोन-दोन रुपयांतून उभा केला होता. पैसे कोणाचे आहेत हे न लपवता आपल्याला हवे ते सांगण्याची त्यांना सवय होती. ‘यात्रा’च्या लेखनात शमा जैदी आणि सुनील शानबाग होते आणि संगीत वनराज भाटिया यांचे होते. ही माणसे पुढे ‘भारत एक खोज’मध्येही बेनेगल यांच्याबरोबर होती. मला तर ‘यात्रा’ ही त्या मोठ्या कामाआधीची तालीम वाटते. एकात कालातून जायचे आणि दुसऱ्यात भूगोलातून, एवढाच फरक.

चेष्टेचा मुद्दा मात्र मान्य. माझे एक काका प्रत्येक भाग संपला की न चुकता म्हणत, ‘बघितलीत ना? आता उठा, आपली एसटी पकडायची आहे.’

रोह्याची गाडी :

तिरकस यांनी काढलेल्या विषयात थोडी भर घालतो. ज्या १९८६ साली ही मालिका लागली, त्याच साली आपटा ते रोहा हा मार्ग सुरू झाला. दिवा–पनवेल १९६४, पनवेल–आपटा १९६६ आणि मग पुढचा तुकडा व्हायला वीस वर्षे. म्हणजे कोकणातील आम्ही रोहेकर असे एकमेव भाग्यवान, की ज्यांनी पडद्यावरची गाडी आणि दारातली गाडी एकाच वर्षी पाहिली. रोह्याच्या दक्षिणेला मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे काहीही नव्हते.

आणखी एक गोष्ट या मालिकेच्या निमित्ताने सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या वर्गाच्या ज्या शयनयान डब्यांमधून ही पात्रे देशभर फिरली, त्या डब्यांतील नुसत्या लाकडी फळ्यांवर दोन इंच जाडीचा फोम बसवण्याचा निर्णय मधू दंडवते यांचा. ते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते आणि लोकसभेत राजापूरचे, म्हणजे आपल्या कोकणाचे, प्रतिनिधी होते. त्यांच्या आधी त्याच मतदारसंघातून निवडून येणारे बॅरिस्टर नाथ पै यांनीही कोकण रेल्वेचा आग्रह संसदेत सतत धरला होता. साऱ्या देशाच्या पाठीखाली गादी घालणारा मंत्री ज्या मतदारसंघाने दिला, त्या मतदारसंघातून तेव्हा एकही गाडी जात नव्हती. चेष्टाच शोधायची असेल तर ती मला इथे अधिक दिसते.

बंदरवाला :

आमचे घर बंदरावरचे, मासेमारीचे. आमच्याकडे लहान पडद्याचा कृष्णधवल टीव्ही होता आणि तो बारा व्होल्टच्या बॅटरीवरही चालत असे. वीज जाणे ही तेव्हा रोजची बाब. वाडीतील इतर टीव्ही बंद पडले की सगळे आमच्या दारात जमत, कारण वडिलांची होडी दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर ओढलेली असली की तिच्या इंजिनाची बॅटरी घरातच असे. टीव्हीच्या मागच्या दोन वायरींना लावलेले चिमटे बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर बसवायचे काम माझ्याकडे होते. लाल आणि काळा यांची अदलाबदल झाली तर टीव्ही जळेल, अशी तंबी असल्यामुळे मी प्रत्येक वेळी ते मोठ्याने म्हणून मगच चिमटा लावत असे. बॅटरी उतरू लागली की चित्र चारही बाजूंनी आत ओढले जाई. कितीदा तरी हिमसागर एक्स्प्रेस आमच्याकडे पोस्टकार्डाएवढी होऊन धावली आहे.

आमच्या लोकांना आगगाडीचे तसे अप्रूप नव्हते. आजोबांच्या पिढीने मुंबईला जायचे ते बोटीनेच. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जाणारी ती बोट, तिचा भोंगा, पडावातून बोटीवर चढताना होणारी तारांबळ, हे सगळे त्यांना पाठ होते. आजोबा ‘यात्रा’ पाहताना म्हणत, की या गाडीतले लोक एकमेकांशी बोलतात तसेच बोटीच्या डेकवर लोक बोलत असत, फरक इतकाच की बोटीत निम्मे लोक ओकत असत. ती बोटही त्याच दशकात बंद पडली. म्हणजे काही वर्षे आम्हाला ना बोट ना गाडी, फक्त रातराणी एसटी आणि मुंबई–गोवा महामार्गाची वळणे.

चाकरमानी :

मी मूळचा देवगडकडचा, पण लहानपण गिरगावातील चाळीत गेले. ‘यात्रा’ आमच्याही टीव्हीवर लागत असे आणि मला स्पष्ट आठवते, की चाळीत तिच्याविषयी कोणाला काडीचीही उत्सुकता नव्हती. दिवसभर लोकलला लोंबकळून घरी आलेल्या माणसाला रात्री पुन्हा गाडी दाखवायची, याला लोक वैतागत. शिवाय मुंबईत १९८५पासून दुसरी वाहिनीही होती, त्यामुळे उठून बटण फिरवायची सोय होती. मे महिन्यात गावी गेलो तर तिथे ओट्यावर हीच मालिका अशी पाहिली जात होती, की भाग संपेपर्यंत भांडी घासायलाही कोणी उठत नव्हते. माझ्या चुलत भावंडांनी मला त्या गाडीविषयी इतके प्रश्न विचारले, की मी जणू ती गाडी चालवतो अशा थाटात उत्तरे देत होतो.

मालिका विसरली का गेली, याचे एक उत्तर मला यात दिसते. ज्या शहरांत लिहिणारी, आठवणी छापून आणणारी माणसे राहत होती, तिथे ती कोणी मन लावून पाहिलीच नाही. ज्यांनी मन लावून पाहिली, त्यांनी तिच्याविषयी कुठे लिहिले नाही. जानेवारी १९८७मध्ये ‘रामायण’ सुरू झाले आणि त्यानंतर तर आदल्या वर्षीचे काही आठवण्याचे कोणाला कारणच उरले नाही.

जुना बूस्टर :

चाकरमानी यांचा तर्क योग्य वाटतो. त्यात टेपांचाही भाग आहे. त्या काळी चित्रफिती महाग असत आणि जुन्या कार्यक्रमावरच नवे मुद्रण करण्याची पद्धत सर्रास होती. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या ‘चिमणराव’चे आज मोजकेच भाग पाहायला मिळतात, यावरून काय काय पुसले गेले असेल याची कल्पना यावी. त्या मानाने ‘यात्रा’चे नशीब बरे म्हणायचे. तिचे भाग यूट्यूबवर शोधले तर सापडतात, फक्त शोधणारे कोणी नाही.

मार्गावरचा माणूस :

मी कोकण रेल्वेत नोकरी करतो आणि लहानपणी ‘यात्रा’ पाहिलेल्यांपैकी आहे. या मालिकेमुळे मी रेल्वेत आलो असे काही म्हणणार नाही. जागा निघाल्या, परीक्षा दिली, लागलो. पण मार्ग सुरू झाला त्या दिवसांत लोक आम्हाला जे विचारत, त्यातले बरेचसे थेट या मालिकेतून आलेले होते, हे मात्र खरे.

तारखा सांगायच्या तर कोकण रेल्वे महामंडळ जुलै १९९०मध्ये स्थापन झाले. तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते, दंडवते अर्थमंत्री होते आणि कामाची सूत्रे ई. श्रीधरन यांच्याकडे आली. गाडी रोह्याहून वीरला १९९३मध्ये पोहोचली, खेडला १९९५मध्ये, सावंतवाडीला १९९६च्या अखेरीस, आणि पेडण्याच्या बोगद्याने सगळ्यांना रडवल्यानंतर २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. आमच्या रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल ६०हून अधिक मीटर उंच आहे आणि करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब. पहिल्या दिवसांत लोक नुसते बोगदे पाहायला गाडीत बसत.

त्या वेळी एका वयस्कर बाईंनी मला थांबवून तक्रार केली, की गाडीचा आवाज टीव्हीतल्या गाडीसारखा येत नाही. त्यांचे म्हणणे बरोबर होते. जुन्या मार्गांवर रुळांचे तुकडे फिशप्लेटने जोडलेले असत आणि प्रत्येक सांध्यावर चाक खटकन वाजे. हिमसागरच्या डब्यात तोच ठेका सतत ऐकू येई. आमच्या मार्गावर रुळांचे सांधे वितळवून लांब सलग रूळ टाकलेले असल्याने तो ठेका जवळपास नाहीसा झाला. त्यांना हे समजावून सांगितले, तर त्या म्हणाल्या, ‘म्हणजे इतकी वर्षे थांबवून आम्हाला बिनआवाजाची दिलीत.’

सड्यावरून :

वरचे वाचून मी बराच वेळ हसत होतो. आमच्या आईचीही अशीच एक गोष्ट आहे. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात मधला बर्थ दिवसा पाडून ठेवतात आणि रात्री साखळीला अडकवून वर उचलतात, हे ती ‘यात्रा’ पाहून शिकली होती. आमच्या गावाजवळ गाडी आल्यानंतर घरातील सगळे पहिल्यांदा लांबच्या प्रवासाला निघालो, तेव्हा समोरच्या बाकावर एक सुशिक्षित कुटुंब संध्याकाळी सहालाच मधला बर्थ उघडून झोपण्याच्या तयारीत होते. आईने त्यांना अतिशय नम्रपणे सांगितले, की अजून वेळ झालेली नाही, हा रात्री उघडायचा असतो. त्यांनी विचारले, ‘आजी, नेहमी प्रवास करता का?’ आईने मान डोलावून ‘हो’ म्हटले. त्याआधी ती आयुष्यात एकदाही आगगाडीत बसलेली नव्हती.

त्या मालिकेतले कथानक तिला विचारले तर आज फारसे सांगता येणार नाही. नीना गुप्ता त्यात होत्या, हे तिला आठवते, पण त्यांची गोष्ट काय होती ते नाही. डब्याची रचना मात्र तिला तोंडपाठ आहे.

तिरकस :

आपल्या मातोश्रींच्या या प्रसंगापुढे मी जाहिरातीचा आरोप मागे घेत नाही, उलट अधिक ठामपणे करतो. गाडी नसलेल्या प्रदेशात बर्थचे नियम शिकवून ठेवणे याला दूरदृष्टीची जाहिरात म्हणावे लागेल. मात्र काल रात्री यूट्यूबवर शोधून पहिला भाग पाहिला आणि नाइलाजाने दुसराही पाहिला, हे इथे नोंदवून ठेवतो. ओम पुरी गर्दीत ज्या सहजपणे सरकून जागा करून देतात, तेवढ्यासाठीही पाहण्यासारखा आहे.

आंबोलीची लेक :

तिरकस यांनी आता पुढचे भागही पाहावेत. मी वडिलांना हा धागा वाचून दाखवला. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्यांनी मालिका तेव्हा पाहिली नव्हती, कारण ते स्वतः तिकडे ड्युटीवर होते. परवा भावाने त्यांना मोबाइलवर एक भाग लावून दिला. सगळा भाग त्यांनी गंभीरपणे पाहिला आणि एकच हरकत घेतली. रजा संपवून परत निघालेला फौजी इतके बोलत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. तो पहिल्यांदा वरचा बर्थ मिळवतो, ट्रंक साखळीने बांधतो, आणि अंबाला येईपर्यंत झोपतो. बाकी गाडी बरोबर दाखवली आहे, असा शेरा देऊन त्यांनी पुढचा भाग लावायला सांगितला.